आधी काय हलले?

संत मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात एक बाप गुडघे टेकून प्रभू येशूपुढे आपल्या मुलाचे गाऱ्हाणे मांडतो. मुलगा वारंवार विस्तवात पडतो, पाण्यात पडतो. त्याच्या आजारासाठी मूळ ग्रीक संहितेत जो शब्द आला आहे, त्याचा व्युत्पत्तीने होणारा अर्थ 'चंद्राने पछाडलेला' असा आहे. मराठी भाषांतरांत त्या जागी फेफऱ्याचा उल्लेख येतो आणि चंद्र तेथून नाहीसा होतो. चंद्राच्या कलांबरोबर आकडी वाढते-ओसरते, अशी त्या काळच्या लोकांची समजूत होती. दिवसा मुलांच्या मेंदूचे आलेख काढणारा आणि सुटीच्या रात्री दुर्बिणीला डोळा लावणारा माझ्यासारखा माणूस त्या एका शब्दापाशी दरवेळी थांबतो. आकाश आणि लेकराची आकडी यांची गाठ तेथे एका शब्दात मारलेली आहे. ती गाठ खोटी होती, हे आता शाळेतले मूलही सांगेल. तरीही पस्तीस वर्षे ही दोन्ही कामे शेजारी शेजारी करीत आल्यावर मला वाटते, की त्यांचे खरे नाते वेगळ्याच ठिकाणी आहे.

आधी दिवसाच्या कामाविषयी. मुंबईतील एका रुग्णालयात मी ईईजीचा तंत्रज्ञ आहे. निदान करणे डॉक्टरांचे काम. माझे काम आलेख नीट काढण्याचे. आईवडिलांना आदल्या दिवशी सांगून ठेवायचे, की मुलाचे केस धुवा, तेल लावू नका, रात्री उशिरापर्यंत जागे ठेवा. मग सकाळी ते पेंगुळलेले, चिडलेले मूल खाटेवर निजवायचे, डोक्याची मापे फितीने घ्यायची, खडूसारख्या पेन्सिलीने खुणा करायच्या आणि चिकट पेस्ट लावून एकवीस छोट्या धातूच्या वाट्या डोक्यावर बसवायच्या. डाव्या बाजूच्या जागांना विषम आकडे, उजवीकडच्यांना सम. मुलाला जोरजोराने श्वास घ्यायला लावायचा असतो. त्यासाठी आमच्या खोलीत कागदी भिरभिरे ठेवलेले असते. मी कामाला लागलो तेव्हा यंत्राच्या लेखण्या कागदावर शाईने रेघा ओढीत आणि त्या सगळ्यांचा मिळून पावसाच्या भुरभुरीसारखा आवाज येई. आता पडद्यावर मुकाट्याने रेघा सरकतात. मेंदूतून टाळूपर्यंत पोहोचणारा विद्युतदाब तो केवढा? एका व्होल्टचे दहा लाख भाग केले, तर त्यांतील दहा ते शंभर. हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरने १९२४ साली माणसाच्या डोक्यावरून तो पहिल्यांदा टिपला आणि १९२९ साली प्रसिद्ध केला. बरीच वर्षे कोणी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही.

रात्रीचे काम कोणी दिलेले नाही. आठ इंची आरशाची एक दुर्बीण आम्ही तिघा मित्रांनी मिळून केली. मुंबईचे आकाशप्रेमी तेव्हा वांगणीला जात. आम्हीही जात असू. आता दिव्यांच्या उजेडाने आकाश इतके पांढुरके झाले आहे, की जव्हारच्या बाजूला जावे लागते. ग्रह, तारकागुच्छ पाहून झाल्यावर माझे मन सक्रिय दीर्घिकांवर बसले. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा मेळा, आपल्या आकाशगंगेसारखा. बहुतेकींचे केंद्र शांत असते. काहींचे मात्र धगधगत असते; एवढे, की केंद्रातील बिंदूचे तेज कधी उरलेल्या साऱ्या ताऱ्यांच्या तेजाला मागे टाकते. आपल्या ख्रिस्तसभेलाही दीर्घिकांचा विषय परका नाही. पोपमहोदयांच्या वेधशाळेची दुर्बीण १९९३ पासून अमेरिकेतील ॲरिझोनात माउंट ग्रॅहम या डोंगरावर उभी आहे, आणि २०२५ साली त्या वेधशाळेचे संचालक म्हणून गोवा प्रांताचे येशूसंघीय धर्मगुरू फादर रिचर्ड डिसूझा यांची नेमणूक झाली. देवयानी दीर्घिकेने पूर्वी एक मोठी दीर्घिका कशी गिळली, या विषयावर त्यांचे संशोधन आहे.

दोन्ही कामांत एक शब्द सतत कानांवर पडतो: फोकस. दुर्बिणीचा फोकस, आणि 'फोकल एपिलेप्सी', म्हणजे मेंदूतील एकाच जागेपासून सुरू होणारी आकडी. जुन्या लॅटिन मिस्साच्या पिढीतील कोणी हयात असतील तर त्यांना गंमत वाटेल, की लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ चूल. केप्लर या ज्योतिर्विदाने १६०४ साली तो भूमिती आणि प्रकाशशास्त्रात आणला आणि पुढे वैद्यकाने उचलला. घर केवढेही असो, धूर कोठून निघतो हे चुलीवरून कळते. आमचा सारा खटाटोप त्या चुलीच्या शोधाचा. अडचण एवढीच, की घरात शिरता येत नाही. दीर्घिका कोट्यवधी प्रकाशवर्षे दूर, आणि मेंदू हाडांच्या पेटीत बंद. बाहेर उभे राहूनच ताडायचे.

हे ताडणे कसे होते, ते जरा विस्ताराने सांगतो, कारण विषयाचा गाभा तोच आहे. १९४३ साली कार्ल सायफर्ट या तरुण अमेरिकन ज्योतिर्विदाने सहा दीर्घिकांच्या केंद्रांचे वर्णपट अभ्यासून एक निबंध लिहिला. त्या केंद्रांतील वायू सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने धावत आहेत, असे वर्णपटाच्या रेषा सांगत होत्या. निबंधाकडे कित्येक वर्षे फारसे कोणी वळले नाही आणि १९६० साली मोटार अपघातात सायफर्ट वारले. तीनच वर्षांनी क्वासारांचे गूढ उकलले आणि त्या सहा दीर्घिकांना एकाएकी भाव आला. त्यांतील एनजीसी ४१५१ ही श्यामशबल या तारकासमूहातील दीर्घिका माझ्या आवडीची. तिचा केंद्रबिंदू काही दिवसांत, काही आठवड्यांत मंद-तेजस्वी होत असतो. शेजारच्या ठरावीक ताऱ्यांशी तुलना करून तो आज किती तेजस्वी आहे, हे वहीत लिहायचे, एवढाच माझ्यासारख्या हौशी माणसाचा वाटा.

या चढउताराचा उपयोग काय? पास्काच्या जागरणाची रात्र आठवा. देवळात काळोख असतो. पास्काची मोठी मेणबत्ती दारातून आत येते, तिच्यावरून पहिल्या बाकावरची मेणबत्ती पेटते, तिच्यावरून शेजारची, आणि बघता बघता देऊळ उजळते. देऊळ लहान असेल तर मिनिटात उजळेल; मोठे असेल तर वेळ लागेल. कोणी डोंगरावरून नुसत्या खिडक्या पाहत असला, तरी काळोखापासून पूर्ण उजेडापर्यंत किती वेळ गेला, यावरून देऊळ केवढे असेल याचा त्याला अंदाज येईल. हेच गणित तेथे लागू पडते. प्रकाशाहून जलद काही जाऊ शकत नाही. एखादी वस्तू आठवड्याभरात लक्षणीय उजळली, तर ती एका प्रकाश-आठवड्याहून फार मोठी असू शकत नाही. नाहीतर तिच्या एका टोकाची बातमी दुसऱ्या टोकाला पोहोचणार कशी? आणि लाखभर प्रकाशवर्षे रुंदीच्या दीर्घिकेत एक प्रकाश-आठवडा म्हणजे किती? वसईपासून विरारच्याही थोडे पुढेपर्यंतच्या प्रदेशात मोहरीचा एक दाणा. एवढ्याशा जागेतून एवढे तेज बाहेर पडते, याला महाकाय कृष्णविवरात कोसळणारा वायू सोडून दुसरे समाधानकारक उत्तर सापडलेले नाही. २०१९ साली एम ८७ या दीर्घिकेतील कृष्णविवराच्या सावलीचे चित्र जगाने पाहिले, पण ज्योतिर्विदांची खात्री त्याच्या पुष्कळ आधी, लुकलुकण्याच्या नोंदींवरूनच, बव्हंशी पटलेली होती.

आता मेंदूकडे वळू. तेथेही ज्योत एका बाकावरून दुसऱ्या बाकाकडे जाते. लंडनचे डॉक्टर जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन यांच्याजवळ क्ष-किरणही नव्हते आणि ईईजीही नव्हता. होते ते डोळे आणि सवड. काही रुग्णांची आकडी नेहमी अंगठ्यापासून सुरू होते, मग मनगट, मग कोपर, खांदा, चेहरा अशी ती चालत जाते, हे त्यांनी शांतपणे पाहिले. तिची वाट दरवेळी तीच. त्यावरून त्यांनी १८७० साली मांडले, की मेंदूच्या पृष्ठभागावर अवयवांच्या जागा ठरलेल्या असल्या पाहिजेत आणि ठिणगी एका जागी पडून शेजारच्या जागांकडे सरकत असली पाहिजे. त्याच वर्षी बर्लिनमधील दोघा संशोधकांनी कुत्र्यांच्या मेंदूवर प्रयोग करून अशा जागा खरोखरच दाखवून दिल्या. आकडी आली की आपण सारे शेवटाकडे पाहतो: मुलगा पडला, ताठ झाला, तोंडाला फेस आला. शेवट बहुधा सर्वांचा सारखाच दिसतो. देऊळ पुरते उजळल्यावर पहिली मेणबत्ती कोणती होती, हे कोण सांगणार? जॅक्सन यांनी सुरुवातीकडे पाहायला शिकवले. आधी काय हलले, हा त्यांचा प्रश्न आमच्या खोलीत आजही रोज विचारला जातो.

आलेखात ठिणगी दिसते तेव्हा फार देखणी दिसते, हे म्हणणे विचित्र वाटेल. शेजारशेजारच्या वाट्यांच्या जोड्या लावून रेघा काढल्या, की ठिणगीच्या जागी एक रेघ खाली टोक काढते आणि लगतची वर. दोन्ही टोके एकमेकांकडे तोंड करून उभी राहतात. जणू दोन माणसे समोरासमोर येऊन एकाच जागेकडे बोट दाखवीत आहेत. पण ती दरवेळी दिसतेच असे नाही. पहिल्याच आलेखात काही न सापडण्याचे प्रमाण निम्म्याच्या आसपास आहे. आलेख कोरा निघाला म्हणून आजार नाही, असे होत नाही. अर्ध्या तासासाठी खिडकीत उभे राहिलो आणि रस्त्यावर कोणी दिसले नाही, तर रस्ता ओस आहे असे म्हणता येत नाही.

काही वर्षांपूर्वी आपल्याच भागातील एक आठ वर्षांची मुलगी आमच्याकडे आली होती. आईवडील, आजी आणि सोबत पाच वर्षांचा धाकटा भाऊ, कारण त्याला घरी सांभाळायला कोणी नव्हते. घरच्यांचे सांगणे एवढेच, की पहाटे खोलीतून आवाज येतो, आम्ही धावत जातो तो ही बेशुद्ध आणि सारे अंग उडत असते. आजीने कांदा हुंगवला होता, हातात लोखंडी किल्ली दिली होती, आणि एका ठिकाणी नेऊन 'बाहेरचे' काही आहे का, तेही पाहून आली होती. पहिला आलेख कोरा. डॉक्टरांनी झोपेतला आलेख सांगितला. दुसऱ्या खेपेस मी वाट्या लावीत असताना आईला नेहमीचे प्रश्न विचारीत होतो. आधी काय होते? चेहरा वळतो का? कोणत्या बाजूला? आई म्हणाली, "भाऊ, आम्ही जाईपर्यंत सगळे सुरूच झालेले असते. आधीचे कोणी पाहिलेलेच नाही."

तेवढ्यात खुर्चीखाली भिरभिरे घेऊन बसलेला तो धाकटा उठला आणि म्हणाला, "मी पाहतो ना. मी ताईजवळ झोपतो. ताई अशी करते." आणि त्याने तोंडाची उजवी कड खेचून ती थडथड उडवून दाखवली, लाळ गाळली, आणि घशातून गुरगुरल्यासारखा आवाज काढला. "ती माझ्याकडे बघते. बोलायला जाते, पण बोलता येत नाही. मग मी आईला हाक मारतो." आईने तोंडाला पदर लावला. मुलगी खाटेवरून मान न हलवता म्हणाली, "हो अंकल, मला सगळे कळते. जीभच हलत नाही."

घटकाभराने तिला डोळा लागला आणि पडद्यावर, डाव्या बाजूच्या मधल्या आणि कानशिलावरच्या वाट्यांपाशी, रेघा एकमेकींकडे टोके काढू लागल्या. एक, मग लागोपाठ पाच-सहा. बालपणीच्या आकड्यांतील हा सर्वांत परिचित प्रकारांपैकी एक. तोंड, जीभ व घसा यांना चालवणाऱ्या मेंदूच्या पट्ट्यातून तो निघतो, बहुधा झोपेत येतो, आणि पौगंडावस्था सरता सरता आपोआप मावळतो. डॉक्टरांनी आईवडिलांना हे सांगितले तेव्हा वडिलांनी तेच वाक्य तीन वेळा विचारून घेतले. आपल्या शास्त्रात अपस्मार हा जो शब्द आहे, त्यात स्मृती जाणे अभिप्रेत आहे. या मुलीची स्मृती कोठेच गेलेली नव्हती. ठिणगी मेंदूभर पसरेपर्यंत ती आतून सारे पाहत होती, आणि बाहेरून पाहणारा एक जण तिच्या शेजारीच होता. त्याला कोणी विचारले नव्हते, इतकेच.

संत मार्क यांनी शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात तोच बाप-मुलाचा प्रसंग अधिक तपशिलाने सांगितला आहे. मुलगा समोर जमिनीवर लोळत असताना येशू बापाकडे वळतो आणि हे याला किती दिवसांपासून होते, असे विचारतो. बाप लहानपणापासूनची हकिकत सांगतो. तेथील अशुद्ध आत्म्याविषयी धर्मपंडितांनी बोलावे. तो माझा प्रांत नाही. पण ज्याला सारे ठाऊक आहे असे आपण मानतो, त्याने बरे करण्यापूर्वी थांबून त्या बापाला बोलते केले, हे मी दवाखान्याच्या खोलीतून वाचतो तेव्हा फार मोठे वाटते. गर्दी धावत येत होती, शास्त्री वाद घालीत होते, शिष्य हताश झाले होते. मुलाची हकिकत विचारणारा तो एकच.

बोलते करणे सोपे नसते, कारण हा आजार झाकला जातो. तिमिंगल या तारकासमूहात एनजीसी १०६८ नावाची दीर्घिका आहे. हिवाळ्यात ती माझ्या दुर्बिणीतून चिमूटभर धुक्यासारखी दिसते, मध्ये एक टाचणीचे टोक. ती सायफर्टच्या सहांपैकी एक. पण तिच्या वर्णपटात बाकीच्यांसारख्या वेगवान वायूच्या रुंद रेषा नव्हत्या. केंद्र दुबळे असावे, असे मानले जाई. १९८५ साली अँटोनुची आणि मिलर या दोघांनी तिचा फक्त ध्रुवित प्रकाश, म्हणजे कोठेतरी आपटून परावर्तित झालेला प्रकाश, वेगळा काढून तपासला. आणि रुंद रेषा त्यात लख्ख उभ्या राहिल्या. केंद्र दुबळे नव्हतेच. त्याच्याभोवती धुळीचे जाड कडे आहे आणि आपण नेमके कडेने पाहतो, म्हणून ते दिसत नाही. वरच्या बाजूने निसटलेला प्रकाश वायूच्या ढगांवर आपटून आरशातल्यासारखा आपल्याकडे येतो. त्याच दीर्घिकेतून आलेले न्यूट्रिनो कण दक्षिण ध्रुवावरील बर्फातील यंत्रांनी टिपल्याचे २०२२ साली जाहीर झाले. धुळीच्या कड्याला न जुमानणारे ते कण.

आमच्याकडे येणाऱ्या घरांभोवती असेच कडे असते. मुलीच्या लग्नाची काळजी, धाकट्या बहिणीच्या स्थळाची काळजी, शेजाऱ्यांची नजर. केसपेपरवर गावाचे नाव चुकीचे सांगणारे बाप मी पाहिले आहेत. त्यांना दोष कसा द्यावा? १९१७च्या धर्मनियम संहितेच्या ९८४व्या नियमात, ज्याला फेफरे येते किंवा पूर्वी कधी आले आहे, अशा पुरुषाला गुरुदीक्षेस अडथळा होता. वेड आणि भूतबाधा यांच्याच पंक्तीत त्याला बसवले होते. १९८३च्या नव्या संहितेतून तो उल्लेख गेला. देशाच्या कायद्याला आणखी वेळ लागला: हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायदा यांतील विवाहाच्या अटींमधून हा आजार १९९९ साली वगळण्यात आला. कागदावरून शब्द जातो, मनातून जायला पिढ्या लागतात. एका धर्मग्रामात दहा वर्षांच्या वेदीसेवकाला, देवळात एकदा आकडी आल्यावर, 'हातात मेणबत्ती असते, धोका नको' असे सांगून कायमचे घरी बसवले होते. काळजी समजण्यासारखी होती. पण त्याला मेणबत्तीऐवजी घंटा देता आली असती, आणि उरलेल्या मुलांना दोन गोष्टी शिकवता आल्या असत्या: पडलेल्याला कुशीवर वळवा, तोंडात चमचा किंवा बोट घालू नका, घड्याळ पाहा, पाच मिनिटांच्या वर गेले तर गाडी बोलवा. आणि आधी काय हलले ते लक्षात ठेवा.

आपल्या वाचकांसाठी आणखी एक मुद्दा सांगितलाच पाहिजे. आपल्या देशात एका हाताची किंवा एका बाजूची आकडी घेऊन येणाऱ्या मुलांच्या सीटी स्कॅनमध्ये पुष्कळदा एक लहानसे कडे दिसते. पूर्वी त्याला क्षयाची गाठ समजून महिनोन् महिने औषधे देत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील शल्यचिकित्सकांनी १९९०च्या सुमारास अशा गाठी तपासून दाखवले, की त्यांतील बऱ्याच गाठी म्हणजे पट्टकृमीच्या मरू लागलेल्या अळ्या आहेत. हे ऐकले की लग्नाच्या मंडपातील डुकराच्या मटणावर बोट ठेवले जाते, आणि शाकाहारी शेजारी निश्चिंत होतात. दोघांचेही चुकते. नीट न शिजलेल्या, किडलेल्या मांसातून पोटात जंत होतो. मेंदूतली गाठ होते ती त्या जंताची अंडी पोटात गेल्याने. आणि ती अंडी जंत असलेल्या माणसाच्या विष्ठेतून, न धुतलेल्या हातांतून, कच्च्या भाजीतून येतात. म्हणून कधी मांसाला न शिवलेल्या घरातही ती सापडते. शौचालय, साबण आणि धुतलेली कोथिंबीर यांचा मेंदूशी इतका जवळचा संबंध असेल, हे मलाही या खोलीत आल्यावरच कळले. त्यातल्या त्यात बरी गोष्ट ही, की अशी एकटी गाठ बहुतेक मुलांत काही महिन्यांत विरघळते.

साऱ्यांचेच असे होत नाही. सुमारे एकतृतीयांश रुग्णांची आकडी दोन-दोन औषधांनीही आवरत नाही. त्यांच्यातील काहींना शस्त्रक्रियेचा आधार मिळतो. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत १९९५ पासून ती होते. तेथे मात्र केंद्र नुसते ताडून चालत नाही, मिलिमीटरपर्यंत पक्के करावे लागते, आणि बोलण्याची वा हात हलवण्याची जागा त्याला चिकटून असली तर डॉक्टरही हात आखडता घेतात. अशा एका मुलाचे आलेख मी अकरा वर्षे काढतो आहे. तो आता माझ्याहून उंच झाला आहे. त्याच्या बाबतीत माझ्या दोन कामांमधील साम्य संपते. एनजीसी ४१५१ मंद झाली किंवा तेजाळली, तरी तिचे कोणी रात्र जागून काढीत नाही.

थ्री-सी २७३ या क्वासाराची गोष्ट सांगून थांबतो. १९६२ साली ऑस्ट्रेलियातील रेडिओ दुर्बिणीसमोर चंद्र या अज्ञात रेडिओ-उगमाच्या आड आला. तो नेमका केव्हा झाकला आणि केव्हा उघडला यावरून त्याची आकाशातील जागा पक्की झाली. चंद्राने निदान एवढे काम तरी केले म्हणायचे. पुढच्याच वर्षी मार्टेन श्मिट यांनी त्याचा वर्णपट उलगडला आणि तो अब्जावधी प्रकाशवर्षे दूर असल्याचे उघड झाले. मग प्रश्न आला, की हा पूर्वी कसा वागत होता? हार्वर्ड वेधशाळेच्या कपाटांत १८८०च्या दशकापासूनच्या काचेच्या छायाचित्र-पट्ट्या होत्या. भलत्याच कामासाठी, भलत्याच लोकांनी काढलेल्या. त्यांतील काहींवर कोपऱ्यात कोठेतरी हा ठिपका होता, आणि त्यांवरून त्याच्या सुमारे ऐंशी वर्षांच्या चढउतारांचा इतिहास जुळवता आला.

त्या आठ वर्षांच्या मुलीची आई घरातल्या कॅलेंडरवर नोंद ठेवी. आकडी आली की तांबडा ठिपका, गोळी चुकली की निळी रेघ, ताप असला की फुली. पहिल्या वर्षी तांबडे ठिपके सात होते, दुसऱ्या वर्षी दोन. नंतर ठिपकाच नाही. डॉक्टरांनी गोळ्या हळूहळू कमी करीत बंद केल्या, त्यालाही आता दोन वर्षे होतील. गेल्या नाताळाच्या आधी घर रंगवायला काढले तेव्हा त्या माउलीने फोन करून विचारले, "भाऊ, ती जुनी कॅलेंडरे आता टाकून देऊ ना?" मी म्हटले, "राहू द्या. कपाटावर ठेवा." तिने ती भावाच्या शाळेच्या वह्यांबरोबर दोरीने बांधून ठेवली आहेत.